जसरंगी ऐकायची, पण राग कोणता?

महोदय,
संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांची ‘जसरंगी’ जुगलबंदी परवा एका ॲपवर ऐकली. गाणे अव्वल, माहिती मात्र नावालाच. तबला-पेटीला कोण, याचा पत्ता नाही आणि दोन रागांपैकी एकाचेच नाव! पं. जसराज यांच्या या कल्पनेत गायक आणि गायिका एकाच वेळी दोन वेगळे राग गातात; सगळी गंमत त्या दोन रागांचीच तर आहे. स्त्री-पुरुषांच्या पट्ट्या, म्हणजे ‘सा’ची उंची, जुळत नाहीत, त्यामुळे एरवी कुणाची तरी ओढाताण होते. इथे गायकाचा मध्यम (म) हाच गायिकेचा षड्ज (सा). त्याने काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा ‘सा’) आभोगी मांडला, की तेच पाच स्वर तिच्या काळी तीनमध्ये कलावती होतात. त्याचा कोमल गंधार तिचा कोमल निषाद. वर एक गळा मेवाती घराण्याचा, दुसरा जयपूर-अत्रौलीचा.

कॅसेट-सीडीच्या वेष्टनावर साथीदारांची नावे तरी सापडायची. ॲपवाल्यांना जागेची टंचाई नक्कीच नाही. ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दोन्ही राग आणि साथीदारांची नावे त्यांना पुरवावीत. नुसते ‘आभोगी’ वाचून ऐकणाऱ्या नवख्याला गायिका राग सोडून गातेय असेच वाटायचे.

– एक श्रोता, पुणे