घरचा सामना, पंचाहत्तर किलोमीटर दूर
(व्हिक्टोरियाच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र)

मा. क्रीडामंत्री,
व्हिक्टोरिया राज्य सरकार, मेलबर्न

सादर नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी धाडली आहे. ही मराठी प्रत आमच्या मंडळींसाठी. इथल्या मराठी घरांतली पोरं आता क्रिकेटच्या बरोबरीने फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, खेळतात. त्यांच्या आईबापांना ऑस्ट्रेलियन रूल्सचे नियम हळूहळू कळू लागलेत: चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने गेला की गोल, सहा गुण, बाजूने गेला की बिहाइंड, एक गुण. पण फिक्स्चर, म्हणजे कोण कोणाशी, कुठे आणि कितीदा खेळणार, हे मात्र मेलेल्या माणसालाही उठून बसवेल असं कोडं आहे.

मी जिलाँगला राहतो, आमच्या संघाच्या मैदानापासून, कार्डिनिया पार्कपासून, चालत वीस मिनिटांवर. मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, पण वेड तेच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची गाठ पडली की त्या दिवशी पेठेत दुसरा विषय निघत नाही. तिथे भांडणं पंचावरून व्हायची, खेळाडू फोडण्यावरून व्हायची. मैदानावरून कधी झाली नाहीत, कारण सगळ्या तालमींना मैदान एकच. त्यामुळे ‘घरचा सामना’ हा शब्द मला इथे येऊन शिकावा लागला, आणि जेमतेम शिकतोय तोवर त्याचा अर्थ पातळ व्हायला लागला.

एएफएल या फुटीच्या राष्ट्रीय स्पर्धेत १८ संघ आहेत, त्यांतले दहा आपल्या राज्यातले. नियमित हंगामात प्रत्येकाचे २३ सामने. समोर १७ प्रतिस्पर्धी, म्हणजे प्रत्येकाशी एकदा खेळून सहा सामने उरतात. हे सहा कोणाशी, यावर अर्धं वर्ष ठरतं. आदल्या वर्षीच्या क्रमवारीचे सहा-सहाचे तीन गट करून वरच्यांना वरचे जास्त द्यायचे, अशी ढोबळ पद्धत आहे. पण त्यावर टीव्हीचं गणित, मोठ्या गर्दीच्या जोड्या, मैदानांचे करार असे थरावर थर चढतात आणि शेवटी ताटात काय येईल ते वाढणाऱ्याच्या मनावर. पूर्वी असं नव्हतं. १९७० ते १९८६ या काळात, स्पर्धा जवळजवळ व्हिक्टोरियापुरतीच होती तेव्हा, १२ संघ आणि २२ सामने होते: प्रत्येकाशी दोनदा, एकदा इथे, एकदा तिथे. हिशेब चोख. १९८७ मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेनचे संघ आले आणि तो मोडला. टास्मानियाचा संघ आला की १९ होतील, मग गुंता आणखी वाढेल. आयपीएलमध्येही दहा संघ आणि १४ सामने, पाच जणांशी दोनदा आणि चार जणांशी एकदा. पण तिथे वाटणी कशी झाली ते तक्त्यावर दिसतं तरी.

असो. सहा जादा सामन्यांवरून मी आपल्याला त्रास देत नाही. तो एएफएलचा मामला आहे, आणि आम्हालाही सोपं ताट वाढलं गेलेली वर्षं आहेत. माझं म्हणणं एकाच गोष्टीचं आहे, आणि त्यात आपल्या सरकारचा हात आहे.

गुणतक्त्यात पहिल्या दोनांत आलं की बक्षीस काय? फायनल्सचा, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, पहिला सामना घरी. सहा महिने चिखलात लोळून कमावलेली तीच एक गोष्ट. जिलाँगने कार्डिनिया पार्कवर असा सामना खेळला तो २०१३ मध्ये, फ्रीमँटलविरुद्ध. त्यानंतर पाच वेळा जिलाँग पहिल्या दोनांत आलं: २०१६, २०१७, २०१९, २०२२ आणि २०२५. पाचही वेळा ‘घरचा’ सामना एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर झाला. आणि समोर कोण होतं बघा: २०१६ला हॉथॉर्न, २०१७ला रिचमंड, २०१९ आणि २०२२ला कॉलिंगवुड. तिघांचंही घर एमसीजीच! म्हणजे लग्न आमच्या मुलीचं, मांडव वरपक्षाच्या दारात, आणि पत्रिकेवर छापलेलं ‘आमचे येथे’. २०२५ला तर समोर ब्रिस्बेन होतं, क्वीन्सलंडहून आलेलं. त्यांना तरी जिलाँगला आणायला काय हरकत होती?

यातला एक योगायोग मराठी माणसालाच दिसेल. या पाचांपैकी चार सामने गणपतीच्या दहा दिवसांत आले. २०१९ला तर चतुर्थी सोमवारी आणि सामना त्याच आठवड्यात शुक्रवारी रात्री. घरी दीड दिवसाचा नाही, दहा दिवसांचा गणपती बसतो आमचा. त्या दिवशी आरती साडेतीनला उरकली. पोराने नैवेद्याचा मोदक तोंडात धरूनच निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा स्कार्फ गळ्यात अडकवला आणि आम्ही साउथ जिलाँग स्टेशनवर पळालो. तासाभराचा प्रवास, मग सदर्न क्रॉसला गाडी बदलून रिचमंड. डबाभर आमचीच माणसं, आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची भर. पोरगं तेव्हा सात वर्षांचं होतं. त्याने विचारलं, “बाबा, आज आपण होम टीम आहोत ना?” मी हो म्हणालो. स्टँडमध्ये जाऊन बसलो तर डोळे पोचतील तिथवर कॉलिंगवुड. दहा गुणांनी हरलो. परतीच्या गाडीत पोरगं झोपलं होतं आणि माझ्या खिशात एक चेपलेला मोदक होता. तो मी खाल्ला.

आता शेजारच्या आजींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. त्या जन्माच्या हॉथॉर्नवाल्या. ईस्टर मंडेला जिलाँग-हॉथॉर्न सामना असतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या आमच्या सामाईक कुंपणावर तपकिरी-सोनेरी स्कार्फ वाळत घातल्यासारखा लावून ठेवतात. हॉथॉर्न हे आमचं जुनं दुखणं. २००८च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, वर्षभरात फक्त एक सामना हरलेलं जिलाँग त्यांच्याकडून २६ गुणांनी हरलं. ११ गोल आणि तब्बल २३ बिहाइंड, म्हणजे दारापर्यंत जाऊन उंबऱ्याला ठेच लागावी तसं. त्यानंतर हॉथॉर्नचे तेव्हाचे अध्यक्ष जेफ केनेट, आपल्याच राज्याचे माजी मुख्यमंत्री, म्हणाले की जिलाँगमध्ये आमच्यासारखी मानसिक जिद्द नाही. झालं! पुढे सलग ११ सामने जिलाँगने जिंकले. एकदा जिमी बार्टेलने सामना संपल्याचा भोंगा वाजल्यावर मारलेल्या एका बिहाइंडवर, एकदा टॉम हॉकिन्सने भोंग्यानंतरच मारलेल्या गोलवर. लोक त्याला ‘केनेटचा शाप’ म्हणू लागले. राजकारण्याच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याचे पडसाद साडेचार वर्षं उमटावेत, हे आपल्याला मी वेगळं सांगायला नको. २०१३च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, त्यांच्याकडून पाच गुणांनी हरलो तेव्हा तो शाप तुटला. त्या रात्री आजींच्या घरातून भांडी वाजवल्याचा आवाज येत होता.

तर या आजींना मी माझी तक्रार ऐकवली. त्या हसल्या. म्हणाल्या, “अरे, तुम्हा लोकांना तक्रार करायला तोंड आहे का? वर्षातले आठ-नऊ सामने तुम्ही तुमच्या गल्लीत खेळता. ती गल्ली एवढी अरुंद की बाहेरच्या पोरांना वळायला जागा नाही. दुसरं कोणी तिथे भाडेकरू नाही. मेलबर्नचे नऊ संघ दोन मैदानांत कोंबलेत. आणि एकदा घरी फायनल मिळाली होती ना? काय केलंत?”

हरलो होतो. फ्रीमँटलकडून, १५ गुणांनी. आणि एमसीजीवरच्या त्या पाचांपैकी तीन जिंकलो. २०१६ला तर आजींच्याच आयझॅक स्मिथचा भोंग्यानंतरचा गोल हुकला म्हणून दोन गुणांनी तरलो. (तोच स्मिथ पुढे आमच्याकडे आला आणि २०२२च्या ग्रँड फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आजी त्याचं नाव काढत नाहीत.) तेव्हा घरी खेळलो असतो तर चषक जास्त आले असते, असा माझा दावा नाही. आजींचं खरं आहे: कार्डिनिया पार्कचा आम्हाला फायदा होतो. पण घरच्या मैदानाचा फायदा होतो म्हणूनच तर ते बक्षीस आहे ना? नऊ वेळा मिळतो म्हणून दहाव्या वेळी, नेमका सगळ्यात महत्त्वाचा असताना, काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?

गर्दीचा मुद्दा मला मान्य आहे. एमसीजीत एक लाख माणूस बसतो, कार्डिनिया पार्कात चाळीस हजार. वर सांगितलेल्या २०१७, २०१९ आणि २०२२च्या सामन्यांना दर वेळी नव्वद हजारांच्या वर लोक होते. जिलाँगला घेतले असते तर पन्नास हजार बाहेर राहिले असते, त्यात आमचेही असते. उत्तर सोपं नाही, म्हणूनच ते बंद दाराआड ठरू नये.

इथे आपला संबंध येतो. कार्डिनिया पार्क सरकारी ट्रस्टच्या ताब्यात आहे. एकेक स्टँड करत ते चाळीस हजारांवर नेलं, त्यात राज्याचा पैसा आहे, म्हणजे माझ्या पगारातून कापलेलाही आहे. एमसीजीसुद्धा राज्याच्याच ट्रस्टकडे. ग्रँड फायनल २०५९ पर्यंत एमसीजीवरच होणार, हा करार एएफएल आणि मेलबर्न क्रिकेट क्लबबरोबर आपल्या सरकारने केला. २०५९ला माझं पोरगं सत्तेचाळीस वर्षांचं असेल. सरकारने पैसा टाकला की सामने हलतात, हे तर उघड आहे. साउथ ऑस्ट्रेलियाने पैसे मोजले आणि २०२३ पासून सगळे संघ एका आठवड्यासाठी ॲडलेडला जाऊ लागले. टास्मानियाने पैसे मोजले आणि हॉथॉर्न २००७ पासून वर्षाला चार घरचे सामने लॉन्सेस्टनला खेळू लागलं. मग फिक्स्चरशी सरकारचा काही संबंध नाही, असं उत्तर मला पाठवू नये, ही विनंती. असं उत्तर छापील फॉर्मवर तयारच असतं, हे मी सरकारी कचेऱ्यांत उभं आयुष्य काढलेल्या बापाचा मुलगा म्हणून जाणतो.

मागणी अशी. यापुढे राज्य ज्या मैदानावर पैसा खर्च करेल किंवा ज्या मैदानाच्या करारावर सही करेल, त्यात एक कलम घालावं: पहिल्या दोनांत आलेल्या क्लबने फायनल्सचा घरचा सामना कुठे खेळायचा, हे त्या क्लबने ठरवावं. क्लबने गर्दीसाठी एमसीजी निवडलं तर आम्ही क्लबच्या दारात जाऊन भांडू, आपल्या नाही. आणि एएफएलला निवड नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावं लागेल, एवढं तरी लिहून घ्यावं. ‘प्रेक्षकांची सोय’ या दोन शब्दांत नव्हे. किती तिकिटं, किती पैसे, कुठल्या कराराची कुठली अट, असं.

कार्डिनिया पार्क मोठ्या सामन्याला लहान पडतं, असंही म्हणू नये. २०२२च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची सुरुवात इथेच झाली, आणि नामिबियाने श्रीलंकेला ५५ धावांनी इथेच लोळवलं. मी पोराला घेऊन होतो तिथे. घरून थालीपिठं बांधून नेली होती, आणि चालत गेलो होतो.

कळावे,

आपला,
साउथ जिलाँग स्टेशनवरून गाडी पकडणारा एक मतदार

ता. क. इंग्रजी मसुदा आजींना वाचायला दिला होता. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि कलमावर बोट ठेवलं. म्हणाल्या, “क्लबने ठरवावं, हे लिहू नकोस. आमचा क्लब पैशासाठी फायनल्ससुद्धा लॉन्सेस्टनला विकेल.” यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. आपल्या खात्यात कोणाला सापडलं तर कळवावं. आजींनाही प्रत पाठवावी.