सगळे दात नव्याने करताना घाई करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'एका दिवसात नवे दात' अशा जाहिराती हल्ली पेपरात आणि मोबाईलवर सारख्या दिसतात. माझ्या आईची फुल माउथ रिहॅबिलिटेशनची ट्रीटमेंट झालीय आणि त्या काळात डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं त्यातलं निम्मंसुद्धा या जाहिरातींमध्ये नसतं, म्हणून लिहितेय. हे सगळं दातांना हात लावायच्या आधी कळायला हवं, कारण यातलं बरंचसं एकदा केलं की पूर्ववत करता येत नाही.

फुल माउथ म्हणजे सगळे दात काढून नवे बसवायचे असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर वरच्या आणि खालच्या जबड्यातल्या सगळ्या किंवा जवळजवळ सगळ्या दातांचं काम एका प्लॅनमध्ये धरायचं, मग त्यात कुठे नुसतं फिलिंग, कुठे रूट कॅनॉल करून कॅप, कुठे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला मधला दात), कुठे इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर दात बसतो), कोणाला आधी तारा लावून दात सरकवायला लागतात तर कोणाला कवळीच योग्य असते. हिरड्या सुजलेल्या असतील, रक्त येत असेल तर सगळ्यात आधी त्या नीट करायच्या. पण सगळ्यात अवघड काम चाव्याचं, म्हणजे वरचे दात खालच्यांवर कुठे टेकतात, किती उंचीवर टेकतात, जबडा बाजूला सरकवला की कोण कोणाला घासतं.

दात झिजलेल्या माणसाचंच बघा ना. झोपेत दात खायची सवय असते, किंवा पोटातलं ॲसिड वारंवार तोंडात येत असतं, किंवा मागच्या दाढा नसल्यामुळे सगळा भार पुढच्या दातांवर पडतो. दाताचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे झिजलेलं इनॅमल परत येत नाही. दात बुटके होत जातात आणि काही जणांचा चेहऱ्याचा खालचा भाग आखूड दिसायला लागतो. पण सगळ्यांचं असं होत नाही, काहींचे दात जसे झिजतात तसे हाडासकट हळूहळू समोरच्या जबड्यातल्या दातांकडे सरकत राहतात, म्हणजे दात छोटे झाले तरी दोन जबड्यांमधलं अंतर तेवढंच राहतं आणि मग कॅप बसवायला जागाच उरत नाही. एखादी दाढ काढून ती जागा तशीच रिकामी ठेवली की समोरच्या जबड्यातली दाढ त्या फटीत सरकते, शेजारची कलते. म्हणून सारखे दिसणारे दोन पेशंट असले तरी दोघांचा प्लॅन वेगळा असू शकतो.

चाव्याची उंची वाढवायची असेल तर ती आधी वापरून बघावी लागते. दातांची मापं किंवा स्कॅन घेऊन त्यांचे साचे आर्टिक्युलेटरवर बसवतात, हे जबड्याच्या हालचालीची नक्कल करणारं यंत्र असतं, त्यावर मेणात नवे दात घडवून बघतात आणि मग पेशंटला स्प्लिंट (दातांवर चढवायचं, काढता येणारं आवरण) किंवा टेम्पररी कॅप देतात. हे काही आठवडे चालतं, कधी काही महिने. आई दर वेळी विचारायची की पक्के दात कधी बसवणार, आणि डॉक्टर दर वेळी शांतपणे सांगायचे की अजून थोडं थांबू. तिचा 'स' आणि 'श' नीट उमटत नव्हता, सकाळी उठल्यावर जबडा जड वाटायचा, एका बाजूची टेम्पररी कॅप सारखी तुटायची. ती तुटत होती म्हणजे त्या बाजूला जास्त जोर पडतोय हे कळलं आणि तिथे घासून सुधारता आलं. पक्की झिरकोनियाची, म्हणजे एका फार कठीण सिरॅमिकची, कॅप एकदा सिमेंटने चिकटवली की सहसा सहज निघत नाही, बहुतेक वेळा कापूनच काढायला लागते. त्यामुळे कोणी ही टेम्पररीची पायरीच गाळत असेल तर का गाळताय हे जरूर विचारा.

दुसरं म्हणजे कॅपसाठी दात सगळ्या बाजूंनी घासावा लागतो, सिरॅमिक कॅप असेल तर चावायच्या बाजूने साधारण दीड ते दोन मिलिमीटर. धडधाकट दाताचा एवढा भाग कायमचा जातो आणि काही दातांची नस नंतर दुखावते, मग रूट कॅनॉल. नुसता रंग आवडत नाही किंवा दोन दात वाकडे आहेत एवढ्यासाठी तरुण मुलंमुली सगळेच दात घासून घेतात ते बघून मला खरंच फार वाईट वाटतं. तारा किंवा ब्लीचिंगने भागत असेल तर तेच करा.

इम्प्लांटचं म्हणाल तर ते चांगलंच तंत्र आहे. टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळून येतं हे स्वीडनच्या ब्रेनमार्क या संशोधकांनी सशांवर काम करताना पाहिलं आणि १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला असे इम्प्लांट बसवले. पण हाडाने ते पूर्ण धरायला बहुतेक वेळा ३ ते ६ महिने जातात. चार किंवा जास्त इम्प्लांट बसवून त्याच दिवशी दात देता येतात हे खरंय, सगळ्यांना नाही पण काही जणांना नक्की, फक्त त्या दिवशी मिळणारे दात बहुतेक वेळा टेम्पररी असतात आणि पक्के काही महिन्यांनी होतात, आणि नेमकं हेच जाहिरातीत नसतं. इम्प्लांट किडत नाही पण त्याच्या भोवतीचं हाड इन्फेक्शनने जाऊ शकतं. सिगरेट ओढणाऱ्यांना आणि शुगर कंट्रोलमध्ये नसलेल्यांना हा धोका जास्त. हाडं ठिसूळ झाल्याची औषधं चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्यातल्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा त्रास होऊ शकतो.

आणि वाचणारा दात वाचवा. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती बारीक तंतू असतात, त्यांच्यामुळे आपण किती जोराने चावतोय ते कळतं, इम्प्लांटला ते नसतात. दात काढला की तिथलं हाड आक्रसायला लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. म्हणून 'सगळेच काढून टाकू' असं कोणी म्हटलं तर कुठला दात का वाचत नाही ते एक्स-रेवर दाखवायला सांगा, लेखी प्लॅन मागा आणि एकदा दुसऱ्या प्रोस्थोडॉन्टिस्टना (कॅप, ब्रिज, कवळी अशा कामाच्या तज्ज्ञ डॉक्टरांना) दाखवा. यात कसलाही अपमान नसतो, चांगले डॉक्टर स्वतःहून सांगतात.

वय झालेल्यांबद्दल एक सांगते. ज्यांच्या हातांना कंप आहे, ब्रश नीट धरता येत नाही, त्यांना पक्क्या बसवलेल्या दातांखाली साफ करणं जमत नाही. अशांना खालच्या जबड्यात दोन इम्प्लांटवर क्लिप होणारी कवळी कितीतरी सोयीची, काढून धुता येते. घरच्यांनी सगळ्यात भारीतलं करायचा आग्रह धरण्यापेक्षा रोज ते कोण साफ करणार याचा विचार करावा.

ट्रीटमेंट झाल्यावरही कॅपच्या कडेला कीड लागू शकते, सिरॅमिकचा टवका उडू शकतो, आयुष्यभराची गॅरंटी असं काही नसतं. दातांच्या फटीत घालायचा इंटरडेंटल ब्रश, दात खायची सवय असेल तर रात्री दातांवर चढवायचा नाईट गार्ड आणि ठरलेल्या वेळी चेकअप हे कायमचंच. ज्यांना इम्प्लांट बसवलेत त्यांनी कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या साइजचा बसवला ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी माहीत असावा, कारण दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि तेव्हाचे डॉक्टर नसले तर नव्या डॉक्टरांना त्याच मापाचा पार्ट शोधावा लागतो.

आपली,
एक वाचक