९ मिमीचे पुनरागमन

महोदय,

पिस्तुलाची कोणती गोळी लोकप्रिय होणार, हे प्रयोगशाळेइतकेच एखाद्या गाजलेल्या चकमकीवरही ठरते. १९८६ मध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी लढताना एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. खापर फुटले एजंटांच्या ९ मिमी व्यासाच्या गोळीवर. ती दरोडेखोराच्या शरीरात पुरेशी खोल गेली नाही म्हणे. मग आली १० मिमी. झाडताना हाताला बसणारा तिचा धक्का अनेकांना झेपेना, म्हणून १९९० मध्ये पॉइंट ४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसनची ०.४० इंची गोळी) आली आणि अमेरिकी पोलीस दलांनी ती उचलून धरली. पुढे गोळ्यांची रचना सुधारली आणि एफबीआय पुन्हा ९ मिमीकडे वळली. धक्का कमी, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त, नेमही लवकर सावरतो. शंभरी ओलांडलेली गोळी ही! त्याहून जाड पॉइंट ४५ (०.४५ इंची) गोळीचे चाहते मात्र अजूनही हे ऐकून घ्यायला तयार नाहीत.

– एक वाचक