क्रूझवरून उतरल्यावर गावही पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील क्रूझ प्रवासाविषयीच्या लेखात जहाजावरील भोजनाचे आणि करमणुकीचे वर्णन सविस्तर आहे. जहाज ज्या बेटांवर थांबते त्यांना मात्र जेमतेम एक परिच्छेद मिळाला आहे. मी सांगलीत दंतवैद्यकीचा व्यवसाय करते आणि गेल्या वर्षी एका व्यावसायिक परिषदेनिमित्त दक्षिण कॅरिबियनच्या क्रूझवर गेले होते. या प्रवासाचे खरे मोल बंदरातल्या सात-आठ तासांत असते आणि नेमके तेच तास वाया जातात, असे माझे ठाम मत आहे.

सेंट किट्स बेटावर राजधानी बॅस्टेअरच्या किनाऱ्याला भराव टाकून पोर्ट झांटे हे क्रूझ बंदर वसवले आहे. करमुक्त दागिने, घड्याळे आणि मद्य यांच्या तिथल्या दुकानांतूनच आमच्यापैकी अनेक जण माघारी फिरले. तीनशेहून अधिक वर्षे या बेटाचे जीवन उसाभोवती फिरत होते. २००५ मध्ये तिथला साखर उद्योग बंद झाला आणि ज्या छोट्या रेल्वेतून ऊस कारखान्याकडे जाई, तीत आता पर्यटक बसतात. आमच्यासारख्या उसाच्या पट्ट्यातील माणसांनी तरी हे पाहायला, तिथल्या लोकांशी बोलायला हवे होते.

सेंट लुसियाची लोकसंख्या दोन लाखांहून कमी आहे, तरी अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस (१९७९) आणि कवी डेरेक वॉलकॉट (१९९२) हे दोन नोबेल विजेते तिथल्या कॅस्ट्रीज शहरात जन्मले, तेही २३ जानेवारी या एकाच तारखेला. वॉलकॉट यांच्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ त्रिनिदादमध्ये मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांच्या वंशजांनी सादर केलेल्या रामलीलेने होतो. त्यांच्या नावाचा चौक भर शहरात असताना पर्यटकांच्या बस तेथे न थांबता थेट पिटॉन शिखरांकडे जातात.

सर्वांत अधिक खंत बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाऊनची वाटते. केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचे मैदान बंदरापासून जवळ आहे. १९६२ मध्ये तिथे चेंडू डोक्याला लागून भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारात पोहोचले, तेव्हा त्यांना रक्त देणाऱ्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी यांच्याबरोबर वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. १९७१ मध्ये याच मैदानावर सुनील गावसकरांनी नाबाद ११७ धावा काढल्या. आमच्या परिषदेचे एक सत्र नेमके जहाज या बंदरात असलेल्या सकाळीच ठेवल्यामुळे बहुतेक सहकाऱ्यांना हे मैदान पाहताच आले नाही.

परिषदा भरवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे, की सर्व सत्रे जहाज भर समुद्रात असेल त्याच दिवशी घ्यावीत. प्रवास कंपन्यांनीही प्रत्येक थांब्याचा थोडा इतिहास, पायी पाहण्याजोगी ठिकाणे आणि स्थानिक टॅक्सीचे साधारण दर मराठीत छापून द्यावेत. त्यातच जहाजाचे घड्याळ व बेटावरची वेळ यांत कधी कधी तासाचा फरक असतो, हेही ठळकपणे नमूद करावे, कारण स्वतंत्रपणे फिरणाऱ्या प्रवाशाला उशीर झाला तर जहाज त्याच्यासाठी थांबत नाही. आपल्या पुरवणीनेही एखादा लेख केवळ या बंदरांच्या गावांवर द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली