जिगचा रॉड कुठला घ्यावा, बाब्यास पत्र

डॅलस, टेक्सास
१४ फेब्रुवारी

प्रिय बाब्या,

तुझी मेल वाचली. बोनस आला, वहिनी हो म्हणाली, आणि अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या दुकानातल्या माणसाने तुझ्या हातात साडेसात फुटी, हेवी, सहाशे डॉलरचा मासे धरायचा रॉड ठेवला. ‘जिगसाठी (गळावरच वजनाचं डोकं बसवलेल्या आमिषासाठी) हाच घेऊ का?’ एवढंच तू विचारलं आहेस. हो किंवा नाही फोनवरही सांगता आलं असतं. पण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा, आणि चुकीच्या रॉडवर मी एकदा चांगले पैसे घालवले आहेत. म्हणून जेवण आटपून निवांत लिहायला बसलो.

आधी उत्तर देतो. तो घेऊ नकोस. रॉड उत्तमच असेल, पण तुझ्या कामाचा नाही.

आचऱ्याच्या खाडीत आपण हातदोरीने तांबोशी धरायचो ते आठव. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे मासे धरायचा बारीक दोरा, टोकाला शिसं, गळाला सुंगट, म्हणजे कोळंबी. तंगूस तर्जनीवरून घेतलेला. शिसं तळाला टेकलं की बोटाला कळायचं. रेती असली तर मऊ, खडप असलं तर खरखर, कालवांवरून ओढलं तर करकर. मासा नुसता चाखून बघत असला तरी समजायचं. तुझ्या काकांना तर डोळे मिटून सांगता यायचं की होडी आता खडपावरून सरकून चिखलावर आली. बोट आणि तळ यांच्या मध्ये एका तंगुसाशिवाय दुसरं काही नव्हतं.

जिग टाकताना आपल्याला तेच बोट परत हवं असतं. जिग वीस-पंचवीस फूट पाण्यात, आपल्यापासून बरीच लांब, आणि मध्ये रील, रॉड, लाइन ओवायच्या कड्या, मूठ एवढा पसारा. या पसाऱ्यात तळाची खबर विझून जाते. ती कमीत कमी विझावी, याचेच पैसे महाग रॉडला मोजायचे. दुसऱ्या कशाचे नाहीत.

म्हणूनच सगळ्या प्रकारच्या आमिषांना महाग रॉड लागत नाही. स्पिनरबेट, क्रँकबेट ही ओढत राहायची आमिषं. लाइन कायम ताणलेली असते, मासा स्वतःच धडकतो, आणि क्रँकबेटला तर उलट जरा लवचिक, स्वस्तातला रॉडच बरा पडतो. जिगचं तसं नाही. जिग उचलायची आणि पडू द्यायची. पडताना लाइन अर्धवट सैल असते आणि बास, हा इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, नेमका तेव्हाच जिग घेतो. तो चावत नाही. तोंड उघडतो, पाणी आत ओढतो, त्या पाण्याबरोबर जिग आत जाते, आणि खोटं आहे असं वाटलं की तितक्याच झटपट थुंकतो. तुला मिळते ती एक ‘टक्’. कधी तीही नाही, नुसतं जड लागतं, किंवा जिग तळाला पोचायलाच हवी होती ती पोचतच नाही. ते कळलं तर मासा आपला, नाहीतर तो येऊन गेल्याचंही तुला कळणार नाही.

आता साडेसात फुटी हेवीला मी नको का म्हणतो ते सांगतो. तू लिहिलंस की तुझ्या जिग बहुतेक ३/८ आणि १/२ औंसाच्या. म्हणजे साधारण साडेदहा आणि चौदा ग्रॅम. वर रबरी ट्रेलर, म्हणजे गळाला लावायची शेपटी, लावलास की आणखी पाच-सात ग्रॅम. एवढ्या वजनाला हेवी रॉड पुरेसा वाकत नाही. न वाकणारा रॉड फेकताना साथ देत नाही आणि हलक्या जिगची खबर नीट आणत नाही. माझी चूक हीच झाली होती. सेलमध्ये दिसला म्हणून जवळजवळ आठ फुटी, सगळ्यात ताकदीचा रॉड उचलला. महाग तो चांगला, ताकदीचा तो आणखी चांगला, अशी समजूत. वर्षभर त्याने अर्ध्या औंसाची जिग फेकत होतो. दुपारपर्यंत मनगट भरून यायचं आणि मासा लागल्याचं बऱ्याचदा लाइन बाजूला सरकताना डोळ्यांनी बघूनच कळायचं. शेवटी अर्ध्या किमतीत विकला.

ताकद आणि ॲक्शन या दोन गोष्टींत गल्लत करू नकोस, दुकानातलेही करतात. ताकद म्हणजे रॉडला वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट म्हणजे टोकाकडचा भाग वाकतो आणि खालचा ताठ राहतो. जिगला ॲक्शन फास्टच हवी, फार तर एक्स्ट्रा फास्ट. जिगच्या गळाची तार जाड असते, शिवाय गवतात-फांद्यांत अडकू नये म्हणून गळापुढे ताठ केसांचा झुपका असतो. तो दाबून गळ जबड्यात रुतवायचा तर हिसका लगेच पोचला पाहिजे. ताकद मात्र जिगच्या वजनावर आणि जागेवर ठरव. तुला मीडियम-हेवी पुरेल.

आणि हे ‘मीडियम-हेवी’ सगळ्या कंपन्यांत एकसारखं नसतं. त्याला ठरलेलं माप नाही, ज्याचं त्याचं वेगळं. आकड्यांचंही तसंच. जी. लूमिसच्या रॉडवर ८५३ लिहिलेलं असेल तर लांबी ८५ इंच, म्हणजे ७ फूट १ इंच, आणि ताकद ३. पुढे जेडब्ल्यूआर असेल तर तो खास जिग आणि वर्म, म्हणजे रबरी गांडुळासारखं आमिष, यांसाठी केलेला. डॉबिन्सच्या ७३४ मध्ये मात्र ७३ म्हणजे ७ फूट ३ इंच आणि ताकद ४. एकाच्या ४ ची दुसऱ्याच्या ४ शी तुलना करू नकोस. रॉडवर लिहिलेला आमिषाच्या वजनाचा पल्ला बघ आणि तुझी नेहमीची जिग, ट्रेलरसकट, त्या पल्ल्याच्या मधोमध येते का ते बघ. अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला नको.

सहाशे डॉलरच्या रॉडमध्ये असतं काय, हे तू विचारलं नाहीस, पण सांगतो. कार्बन फायबर जितका ताठ, तितका तोच ताठपणा मिळवायला कमी माल लागतो. माल कमी म्हणजे नळी पातळ आणि हलकी, आणि तळाची थरथर लवकर न मरता मुठीपर्यंत येते. कमी माल वापरूनही टिकेल असं करणं कठीण, त्याचे पैसे. कड्यांचंही तेच. फुजी कंपनीच्या टायटॅनियमच्या चौकटीतल्या कड्या स्टीलच्या कड्यांपेक्षा हलक्या, आणि हलकेपणा टोकाला सगळ्यात जास्त जाणवतो. खोटं वाटत असेल तर तुझ्या जुन्या रॉडच्या टोकाला एक नाणं चिकटव आणि हलवून बघ. सगळा रॉड मेल्यासारखा वाटेल.

प्रामाणिकपणे सांगायचं तर शंभर डॉलरच्या रॉडवरून अडीचशेच्या रॉडवर गेलास की फरक धाडकन जाणवतो. अडीचशेवरून सहाशेवर गेलास की फरक असतो, पण बारीक. तू महिन्यातून एकदाच पाण्यावर जात असतास तर मी तुला अडीचशेवरच थांबवलं असतं. तू दर शनिवारी जातोस आणि तुझा हात हातदोरीवर तयार झालेला आहे. तो बारीक फरक तुला कळेल, म्हणून महाग रॉड घे म्हणतो, फक्त तो साडेसात फुटी हेवी नको.

आता तुझं पाणी. गंटर्सव्हिल म्हणजे टेनेसी नदीवरचा १९३९ सालच्या धरणाचा सुमारे ६९ हजार एकरांचा जलाशय, आणि त्यात गवतच गवत. त्या दाट गवतात जाड ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन लावून मासा उपटूनच काढायचा असतो. तिथे हेवी रॉड हवा हे खरं, पण तो महाग नको. ताणलेल्या ब्रेडवर कुठलाही रॉड खबर आणतो. त्या कामाला शंभर-सव्वाशेचा एक वेगळा घे. पण गवताची कड जिथे संपते, पुलांच्या भरावाचे दगड, आणि खाली व्हीलर जलाशयाकडे नदीच्या जुन्या पात्राच्या काठावरचे शिंपल्यांचे पट्टे, तिथे तुझा खरा रॉड काढ. धरणातून वीज करायला पाणी सोडलं की प्रवाह सुरू होतो आणि उन्हाळ्यात बास त्या पट्ट्यांवर येऊन तोंडं प्रवाहाकडे करून थांबतात. शिंपल्यावरून जिग ओढलीस की तीच आचऱ्याची करकर हाताला येईल. मला पहिल्यांदा आली तेव्हा बोटीत एकटाच होतो, आणि कितीतरी वेळ जिग उचललीच नाही, नुसती हळूहळू ओढत बसलो.

माझं लेक फोर्क वेगळं. तिथे पाण्यात उभी झाडंच झाडं, आणि टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ च्या जानेवारीत तिथेच निघाला. तो क्रॅपी नावाचा दुसरा मासा धरायला लावलेल्या छोट्या जिवंत माशावर लागला होता, जिगवर नाही. हे मी स्वतःला अधूनमधून आठवून देतो. १६ ते २४ इंचांमधला बास तिथे परत सोडावाच लागतो, त्यामुळे मोठे मासे खूप आहेत. फांद्यांमधून त्यांना ओढून काढायला माझा ७ फूट ३ इंची रॉड आणि २० पौंडांचा ताण सोसणारी लाइन लागते. माझं बघून तू तसंच घेऊ नकोस.

दुकानात जाताना तुझं रील बरोबर ने. हे विसरू नकोस. रॉडला रील लावायचं आणि रीलच्या जरा पुढे एका बोटावर रॉड तोलून बघायचा. टोक खाली पडत असेल तर तो रॉड ठेवून दे, किंमत काहीही असो. जिग खेळवताना दिवसभर टोक वर धरायचं असतं. टोकजड रॉड म्हणजे दुपारनंतर तू मूठ आवळून धरणार, आणि आवळलेल्या मुठीला काही कळत नाही. पाच ग्रॅमने हलका पण टोकजड असा रॉड घेण्यापेक्षा पाच ग्रॅमने जड पण तोल साधलेला घे. मग डोळे मीट आणि कुणाला तरी टोकावर नखाने हळूच टिचकी मारायला सांग. तीन-चार रॉड एकापाठोपाठ असे बघितलेस की हातच निवड करेल. छताला टोक टेकवून वाकवून मात्र बघू नकोस. तसा रॉड पाण्यावर कधी वाकत नाही, आणि मोडला तर भरून द्यावा लागेल.

मोडण्यावरून आठवलं. असे रॉड वजनाखाली सहसा मोडत नाहीत, आपण मोडतो. पातळ कार्बनला टोच लागली की चीर डोळ्यांना दिसत नाही आणि पुढच्या मोठ्या माशाला तिथूनच तुटतो. माझा एक असाच गेला. मासा बोटीशी आला आणि मी उचलायच्या घाईत रॉड सरळ उभा केला, सगळा भार टोकावर आला. चार पौंडांचा मासा होता, खूप मोठाही नाही. मासा बोटीशी आला की रॉड आडवा ठेव आणि ओणवा होऊन खालचा जबडा धर. जड जिग लोंबकळत ठेवून रॉड एकमेकांवर आपटू देऊ नकोस, आणि घेण्याआधी मोडल्यास काय बदलून देतात ते लेखी बघ.

तर माझं म्हणणं असं: ७ फूट १ ते ७ फूट ३ इंच, मीडियम-हेवी, फास्ट, आणि वजनाचा पल्ला वर सांगितला तसा. जी. लूमिस, सेंट क्रॉई, मेगाबास, डॉबिन्स, कुणाचाही वरच्या श्रेणीतला चालेल. नवी आवृत्ती आली की मागच्या वर्षीचा उतरत्या भावात मिळतो आणि त्याला काहीही झालेलं नसतं. तोलात तो नव्याला हरवत असेल तर तोच घे, आणि उरलेल्या पैशात टंगस्टनच्या जिग घे. टंगस्टन शिशापेक्षा घट्ट आणि कडक, त्यामुळे तेवढ्याच वजनाची जिग लहान होते आणि दगडावर खणकन वाजते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ये. फोर्कवर पाणी तापायला लागलेलं असेल, मासे अंडी घालायला उथळात सरकत असतील. माझी बोट आहेच, तू तुझा नवा रॉड आण. वहिनीला आणि पोरांना आमच्याकडे ठेवू, बायको कालपासून मेनू ठरवते आहे.

तुझा,
भाऊ

ता. क. सर्वांत महत्त्वाचं राहिलंच होतं. रीलवर तुझी ती जुनी नायलॉनची लाइन असेल तर रॉड घेण्याआधी ती काढ. नायलॉन ताणलं जातं, आणि सहाशे डॉलरच्या रॉडने जे आणायचं ते वाटेतच गिळून टाकतं. १५ ते १७ पौंडांची फ्लोरोकार्बनची लाइन भर. ती पाण्यात बुडते, म्हणून जिगपर्यंत सरळ राहते. दोन-तीन शनिवार जुन्याच रॉडवर ती वापरून बघ, मगच दुकानात जा.