मॅडम, तुम्ही आधी पैशांचं विचारलंत

प्रिय डॉक्टर मॅडम,

स.न.वि.वि.

समोर आले की माझ्या तोंडून "थँक्यू मॅडम"च्या पुढे काही निघत नाही, आणि तोवर तुम्ही पुढच्या पेशंटच्या कानात बॅटरी मारायला लागलेल्या असता. म्हणून पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण असंच एखादं न कळणारं दुखणं आणि असाच रिकामा खिसा घेऊन कुणीतरी आज रात्री जागं असणार.

तुमच्याकडे आलो तेव्हा चिंगीच्या, म्हणजे माझ्या कुत्रीच्या, आजाराला आठ महिने झाले होते आणि त्याला नाव नव्हतं. चार दिवस उलट्या, जुलाब, खाण्याकडे पाठ, मागचे पाय थरथरतायत. सलाइन लावलं की दुसऱ्या दिवशी बाई शेपूट हलवत दारात. मग तीन आठवडे सगळं ठीक. आपणच उगाच घाबरलो असं वाटायला लागावं, तोच पुन्हा कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेली. जंताचं औषध झालं, अँटिबायोटिक झालं, खाणं बदलून झालं, "पोट नाजूक आहे हिचं" हे ऐकून झालं. एकदा कसलंसं इंजेक्शन दिलं, त्यावर ती दहा दिवस पिल्लासारखी हुंदडत होती. कसलं ते मी विचारलं नाही. शेवटी एका दवाखान्यात रिपोर्ट बघून सांगितलं, किडन्या गेल्यात, फार ओढू नका. त्याचा अर्थ मला घरी पोचल्यावर कळला.

पैसे तोवर संपले होते. दर नव्या दवाखान्यात श्रीगणेशा पहिल्यापासून, तेच रक्त, तीच सोनोग्राफी. डॉक्टरांना "एवढे नाहीत हो" म्हणायची लाज, आणि नातेवाइकांना "कुत्रीवर एवढे गेले" म्हणायचीही लाज. त्या आठ महिन्यांत मी दोन्हीकडे खोटं बोलत होते.

तुमचा पहिला प्रश्न मला अजून ऐकू येतो. चिंगीला टेबलावर ठेवलं, तुम्ही केस पेपर ओढला आणि विचारलंत, "या महिन्यात किती घालू शकता? खरा आकडा सांगा. त्याप्रमाणे क्रम लावते." सहानुभूतीचा सूर नाही, काही नाही. वजन विचारावं तसं विचारलंत. मी आकडा सांगितला, तुम्ही तो वजनाच्या खाली लिहिलात. वजन १४ किलो, ताप नाही, पैसे इतके. तेव्हा मला चमत्कारिक वाटलं होतं. आता वाटतं, बाकीच्या ठिकाणी हा आकडा कुणी विचारला नाही म्हणूनच तो चुकीच्या गोष्टींवर खर्च झाला.

मग तुम्ही चिंगीच्या मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं टेकवलीत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिलात. पंधरा सेकंद. मी काहीतरी बोलायला गेले तर मोकळा हात वर केलात. "चौदा," म्हणालात, "म्हणजे मिनिटाला छप्पन्न." पुन्हा मोजलंत. पुन्हा चौदा. "अंगातलं पाणी एवढं कमी झालेल्या कुत्र्याचं हृदय धावत सुटायला हवं. हिचं रमतगमत चाललंय." आठ महिन्यांत तिची नाडी कुणी दोनदा मोजलेली मी पाहिली नव्हती. त्या तपासणीला पैसे लागत नाहीत.

जुन्या रिपोर्टांची पिशवी मी संकोचाने पुढे केली, कारण आदल्या ठिकाणी ती बाजूला सारली गेली होती. तुम्ही रक्ताचे तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी-शेजारी मांडलेत आणि लिम्फोसाइट्सच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या, ओळीवर पेनाने तीन टिंबं केलीत. तिन्ही आकडे नॉर्मल. "हेच तर नॉर्मल नाही," असं तुम्ही म्हणालात आणि मला वाटलं, आता ही बाईही कोड्यात बोलायला लागली. मग तुम्ही समजावलंत. कुत्रं खरोखर आजारी असलं की शरीर कॉर्टिसोल, म्हणजे ताण पेलायला लागणारं संप्रेरक, वाढवतं आणि कॉर्टिसोल वाढलं की लिम्फोसाइट्स खाली येतात. ही तिन्ही वेळा मरणाच्या दारात होती आणि लिम्फोसाइट्स निवांत. म्हणजे कॉर्टिसोल वाढतच नसेल. ज्या रिपोर्टांवर "सगळं ठीक" ऐकून मी पैसे मोजून घरी आले होते, त्यांतच उत्तर पडून होतं.

माझी वहीही तुम्ही वाचलीत, पानन् पान. कधी उलटी, किती वेळा, रंग कसला, असला गचाळ हिशेब. तुम्ही मात्र समासात लिहिलेलं वाचत होतात. पाहुणे आले. घराला रंग. दोन दिवस बाहेर ठेवलं. प्रत्येक झटका यांच्यानंतर तीन-चार दिवसांत. तुम्ही वहीत काहीच लिहिलं नाहीत, फक्त ती माझ्याकडे फिरवलीत आणि बोट ठेवलंत. आणि त्या जादूच्या इंजेक्शनची तारीख विचारलीत. "स्टेरॉइड असणार, कॉर्टिसोलचाच भाऊ. शरीरात नव्हतं ते बाहेरून मिळालं, म्हणून धावली."

त्या वहीत एक गोष्ट मी लिहिली नव्हती, तीही तुम्ही काढून घेतलीत. पाय थरथरताना बघवेना म्हणून मी तिला माणसांची आयबुप्रोफेनची अर्धी गोळी दिली होती. तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात की कुत्र्याच्या जठराला याने व्रण पडतात आणि किडनीवर घाला येतो, पुन्हा नको. ओरडला असतात तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरचा क्रम मी पाठ केलाय. प्रत्येक तपासणीपुढे तुमचा एकच प्रश्न: "हिचा निकाल आला तर आपण वेगळं काय करणार?" उत्तर नसलं की ती यादीतून बाद. पुन्हा सोनोग्राफी बाद. पुन्हा एक्स-रे बाद. राहिले सोडियम-पोटॅशियम आणि एकदाचं साधं कॉर्टिसोल. कॉर्टिसोल २ मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर कॉर्टिसोल न बनण्याचा आजार नाही, मोठ्या चाचणीचे पैसे वाचले. खाली आलं तर मात्र मोठी चाचणी चुकवता येणार नाही, हे तुम्ही रक्त काढायच्या आधीच सांगितलंत. सोडियम आलं १२६, पोटॅशियम ७. भागाकार १८, तो साधारण २७च्या वर हवा. कॉर्टिसोल ०.४. पोटॅशियम एवढं चढलं की हृदय मंदावतं, ते तुमच्या दोन बोटांनी रिपोर्टाच्या आधीच सांगितलं होतं.

मोठी चाचणी, म्हणजे एसीटीएचचं (शरीराला कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन देऊन तासाभराने पुन्हा कॉर्टिसोल बघायचं. महाग असते ती त्या इंजेक्शनाची कुपी. कुपीत २५० मायक्रोग्रॅम, चिंगीला किलोमागे ५ प्रमाणे लागणार ७०. तुम्ही फोन फिरवलात, हीच चाचणी लांबणीवर पडलेल्या दुसऱ्या एका कुत्र्याच्या मालकाला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलंत आणि कुपीचा खर्च दोघांत वाटलात. तोवर नुसतं सलाइन. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यायचं नाही, कारण चाचणी त्यालाच कॉर्टिसोल समजून मोजते. अगदीच वेळ आली तर डेक्सामेथासोन, त्या स्टेरॉइडला चाचणी फसत नाही. बाकावर शेजारी बसलेल्या त्या थोराड लॅब्राडोरच्या मालकाशी मी एक शब्द बोलले नाही, नुसतं एकमेकांकडे बघून मान हलवली. एकाच कुपीतले आम्ही.

तासाभरानंतरचा आकडा ०.५. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या, कॉर्टिसोल बनवणाऱ्या आणि मीठपाण्याचा तोल राखणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी झोपलेल्या. अ‍ॅडिसनचा आजार. थॉमस अ‍ॅडिसन या इंग्लिश डॉक्टरने १८५५ साली तो माणसांत वर्णन केला, आणि तो कुत्र्यांनाही होतो, त्यातही तरुण माद्यांना जास्त. दुसऱ्या दहा आजारांची सोंगं घेतो. किडन्या गेल्या नव्हत्या, त्यांना रक्त पुरत नव्हतं. मीठपाण्याचा तोल सावरला आणि महिन्याभरात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, जागेवर आलं. "फार ओढू नका" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहेच. तुम्ही मात्र त्यांच्याविषयी चकार शब्द काढला नाहीत, "सोंग चांगलं घेतलं होतं" एवढंच.

औषधाचंही तसंच. महिन्याचं इंजेक्शन की रोजच्या गोळ्या, दोन्हींचा वर्षाचा खर्च तुम्ही माझ्यासमोर मांडलात. माणसांचाही आजार असल्याने मीठपाण्याचा तोल सांभाळणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळते, जोडीला प्रेडनिसोलोनचा इवलासा तुकडा. घरात गडबड व्हायची असेल त्या दिवशी तो तुकडा दुप्पट, आणि गोळ्या कधीही अचानक बंद नाहीत, हे तुम्ही माझ्याकडून तीनदा वदवून घेतलंत. रक्ताच्या तपासण्या सुरुवातीला लागोपाठ, आता चार महिन्यांनी. तुमची फी तीन हप्त्यांत दिली. मी कमी करता का विचारलं होतं. "फुकट करत नाही मी, क्रम लावते," म्हणालात. तेव्हा टोचलं होतं. पण त्यामुळे तुमच्या दवाखान्यात शिरताना मला मान खाली घालावी लागत नाही, हेही खरं.

तुम्ही हसत नाही, हे मात्र सगळ्यांना सांगते. चिंगीलाही तुम्ही फारशा आवडत नाही. दवाखान्याच्या पायरीवर ती बूड टेकते आणि तिला उचलूनच आत न्यावं लागतं. आता पंधरा किलो आहे, त्यामुळे माझी कंबर जाते.

गेल्या आठवड्यात घरी चार दिवस पाहुणे होते. आदल्या दिवसापासूनच तुकडा दुप्पट केला. वहीत त्या चारही दिवसांपुढे मी काय लिहावं म्हणून पेन घेऊन बसले आणि लिहिण्यासारखं काही निघालं नाही. शेवटी लिहिलं, पाहुण्यांची चप्पल खाल्ली.

मंगळवारी रक्तासाठी येतोय.

आपली,
चिंगीची आई

ता.क. गोळीचे तुकडे करायला तुम्ही दिलेला कटर अजून माझ्याकडेच आहे. मी नवा घेतलाय. मंगळवारी आणते, दुसऱ्या कुणाला लागेल.