‘प्राय’ म्हणजे नुसतं डोकावणं नव्हे

मा. संपादक,
स. न.

इंग्रजीतल्या पी-आर-वाय ‘प्राय’ या क्रियापदापुढं मुलांच्या वहीत ‘डोकावणे’ एवढाच अर्थ लिहिलेला असतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. नुसतं डोकावायला ‘पीप’ आहे, लुडबुडीला ‘इंटरफिअर’, चोरून कपाट नाहीतर फोन धुंडाळायला ‘स्नूप’. समोरच्यानं झाकून ठेवलेलं खोदून विचारणं म्हणजे ‘प्राय’. नसती चौकशी, भोचकपणा हे शब्द त्याला चपखल बसतात. काही जण ‘चांभारचौकशी’ लिहितात. एका जातीला खाली पाहायला लावणारा तो शब्द वहीत नको.

वाक्यात हमखास चूक होते ती प्रिपोझिशनची. ‘ही इज प्राइंग मी’ असं होत नाही. ज्या खासगी गोष्टीची चौकशी चाललीय, तिच्याआधी ‘इन्टू’ लागतं : ‘डोन्ट प्राय इन्टू हर अफेअर्स’. भूतकाळात वाय जाऊन आय-ई-डी येतं, उच्चार गर्वाच्या ‘प्राइड’सारखाच. आय-एन-जी लावताना मात्र वाय जागचा हलत नाही. मध्ये चुकून ए घुसला की ‘प्रे’ होतं आणि भोचक माणूस थेट प्रार्थनेला बसतो!

दुसरा अर्थ उचकटण्याचा. रंगाच्या डब्याचं झाकण स्क्रू ड्रायव्हरनं, खोक्याची फळी पहारीनं उचकटतात, त्याला अमेरिकेत ‘प्राय’ म्हणतात. ब्रिटिश माणूस ‘प्राइझ’ म्हणतो, स्पेलिंग पी-आर-आय-एस-ई. हा ‘प्राय’ 19व्या शतकातला, भोचक ‘प्राय’पेक्षा बराच नवा. ‘प्राइझ’मधला शेवटचा झ हा प्रत्यय समजून लोकांनी तो तोडला, म्हणून स्पेलिंग जुळलं, मूळ एक नाही. तरी ‘प्राय द ट्रुथ आउट ऑफ हिम’ म्हणताना, गप्प बसलेल्याचं तोंड झाकणासारखं उचकटायचं असतं.

आपल्या कोल्हापुरात तिकटीवर कुणी ‘कुठं निघालाय? जेवलासा काय?’ विचारलं, तर ते ‘प्राय’ नव्हे. ‘हितंच’ एवढं उत्तर पुरतं. एसटीत शेजारच्यानं पगार विचारला, आपण हसून टाळलं आणि त्यानं ‘तरी किती?’ म्हटलं, की तो दुसरा प्रश्न ‘प्राय’. इंग्रज असं विचारण्याआधी ‘आय डोन्ट मीन टु प्राय, बट...’ अशी पुस्ती जोडतो. त्याचं भाषांतर ‘मला डोकावायचं नाही, पण’ असं करू नये. आपण सरळ म्हणतो, ‘विचारू नये, पण विचारतो.’

— इंग्रजीचे एक शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर